धीवरांचे पंडित : के. पी. करुप्पन

स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, आनंदीबाई ही नावे साहजिकच प्रथम डोळ्यांपुढे आली. परंतु त्यांची चरित्रे आपल्या मंडळात अनेकदा वाचली गेली आहेत आणि आपल्यापैकी कित्येकींना ती मुखोद्गत आहेत. म्हणून या वर्षी मी जरा दूरच्या मुलखातले नाव निवडले आहे. यजमानांच्या नौदलातील नोकरीमुळे आम्ही काही वर्षे कोचीला होतो. तिथल्या शेजारणींच्या तोंडून हे नाव मी पहिल्यांदा ऐकले, आणि मग मिळेल ते वाचीत गेले. कोळ्याच्या घरी जन्मलेला एक मुलगा संस्कृत पंडित झाला, मुलींचा गुरुजी झाला, कवी झाला, विधिमंडळात बसला, सरकारी अधिकारी झाला आणि शेवटी महाविद्यालयात अध्यापक झाला. त्याने एका जन्मात एवढी कामे केली. पण ती सारी एकाच धाग्यात ओवलेली होती. तो धागा कोणता, तेच मला भगिनींपुढे मांडावयाचे आहे.

केरळात समुद्राच्या कडेकडेने खाऱ्या-गोड्या पाण्याचे विस्तीर्ण जलाशय पसरलेले आहेत. तिकडे त्यांना कायल म्हणतात; आपल्याकडच्या रुंद खाडीसारखेच म्हणाना! या कायलात व नद्यांत मासे धरणारे, होड्या वल्हवणारे जे लोक, ते वाल जातीचे. समुद्रावर जाणाऱ्यांना अरयन म्हणतात. या साऱ्या मच्छीमार जमातींना मिळून धीवर हे नाव आहे. एर्नाकुलमजवळच्या चेरानेल्लूर या गावी, अशाच एका वाल कुटुंबात, २४ मे १८८५ रोजी करुप्पन यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव पाप्पू, आईचे कोचुपेण्णू. तमिळ मुलखातला एक गोसावी त्यांच्या घरी येत-जात असे, त्याने बाळाला हे नाव सुचविले असे सांगतात. करुप्पन म्हणजे काळा. मुलगा मात्र चांगला गोरापान होता! गोसाव्याच्या मनात त्या शब्दाचा अर्थ विद्वान असा होता, असेही घरची मंडळी सांगत. पुढे नावाआधी पंडित ही उपाधी लागली आणि गोसाव्याचाच अर्थ खरा ठरला.

त्या काळच्या कोची संस्थानात कोळ्याच्या मुलाने संस्कृत शिकणे ही काही साधी गोष्ट नव्हती. जातीची उतरंड केरळात जितकी कडक होती, तितकी हिंदुस्थानात क्वचितच कुठे असेल. कोणी कोणापासून किती पावलांवर उभे राहावे याचेही हिशेब ठरलेले होते. खालच्या म्हटल्या गेलेल्या जातींना देवळाच्या वाटेनेही जाता येत नसे. अशा दिवसांत या मुलाने गावाजवळच्या वेलू वैद्यांसारख्या गुरूंकडे अक्षरे गिरवली, श्लोक पाठ केले आणि लहान वयातच पद्ये रचू लागला. वैद्यकी करणाऱ्यांना संस्कृत येणे भाग होते. त्यामुळे ज्यांना मोठ्या पाठशाळांची दारे बंद होती, त्यांच्यापैकी कित्येकांना संस्कृतचा ओनामा अशा वैद्यांच्या ओसरीवरच झाला.

पुढे करुप्पन कोडुंगल्लूरला गेले. तेथील राजघराण्याचा वाडा म्हणजे त्या काळचे विद्येचे माहेरघर. याच वाड्यातील कुंजिक्कुट्टन तंपुरान यांनी एकट्याने संपूर्ण महाभारताचे मलयाळम भाषांतर केले होते. तिथे कोचुण्णी तंपुरान यांच्याजवळ करुप्पन यांना काव्यशास्त्र शिकावयास मिळाले. कोचीचे महाराज राजर्षी रामवर्मा कोडुंगल्लूरला आले असता या तरुण कवीची त्यांच्याशी गाठ पडली. महाराज स्वतः संस्कृतचे व्यासंगी. कोळ्याच्या मुलाची पद्यरचना पाहून ते प्रसन्न झाले आणि त्यांनी त्याच्या पुढील संस्कृत अध्ययनाची व्यवस्था करून दिली. एका राजाच्या गुणग्राहकतेने एका मुलाचे आयुष्य बदलले खरे. पण त्याच राज्यात त्याच्यासारखी हजारो मुले अक्षरावाचून राहिली होती, ही गोष्ट करुप्पन कधीही विसरले नाहीत. आपल्याला दार उघडले म्हणून आत जाऊन बसणारे पुष्कळ असतात. आत गेल्यावर दार धरून उभा राहणारा विरळा. करुप्पन हे त्या विरळ्यांपैकी होते.

त्यांची पहिली नोकरी एर्नाकुलमच्या सेंट तेरेसा कॉन्व्हेंटच्या मुलींच्या शाळेत संस्कृत शिक्षकाची. नंतर ते सरकारी शाळांत गेले. एर्नाकुलमला उच्चवर्णीय मुलींसाठी एक सरकारी हायस्कूल होते. त्या शाळेच्या नावातच जातीचा उल्लेख होता, म्हणजे तिथे कोण शिकणार हे पाटीवरूनच कळावे! अशा शाळेत कोळ्याच्या मुलाची संस्कृतचे गुरुजी म्हणून नेमणूक झाली, तेव्हा पालकांत मोठीच खळबळ उडाली. आमच्या मुलींनी याच्याकडून देववाणी शिकायची काय, असा त्यांचा सवाल होता. तक्रारी महाराजांपर्यंत गेल्या. महाराज मात्र ढळले नाहीत. ज्यांना हे शिक्षक नको असतील त्यांनी आपल्या मुली खुशाल घरी ठेवाव्यात, शिक्षक बदलणार नाही, असा त्यांचा निर्णय झाल्याचे सांगतात. मुली शाळेत येत राहिल्या. पुढे त्रिशूरच्या व्हिक्टोरिया मुलींच्या शाळेतही करुप्पन यांनी शिकविले. मी स्वतः बरीच वर्षे शिक्षिका होते, म्हणून मला त्या पहिल्या दिवसाचे फार वाटते. ज्या वर्गातील आईबापांना आपण नकोसे आहोत, त्या वर्गात खडू हाती घेऊन उभे राहायचे आणि शब्दाची विभक्ती शांतपणे समजावून सांगायची, याला केवढे धैर्य लागले असेल! त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी शिकविले.

पण करुप्पन यांचे नाव केरळात घरोघरी पोचले ते शाळेमुळे नव्हे, एका गाण्यामुळे. आपल्याकडे जसा भोंडला, तसा तिकडे कुम्मी नावाचा बायकांचा खेळ आहे. बायका फेर धरतात, टाळ्या वाजवितात आणि टाळीच्या ठेक्यावर एकीमागून एक कडवी म्हणतात. आपल्या झिम्म्याची आठवण व्हावी असा तो प्रकार. करुप्पन यांनी १९०४ साली, म्हणजे वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, याच चालीवर जातिकुम्मी नावाचे काव्य रचले. ते १९१२ साली छापून प्रसिद्ध झाले. शंकराचार्य गंगेवर स्नान करून येत असता वाटेत त्यांना अस्पृश्य मानलेले एक जोडपे भेटते, ही कथा आपल्याला माहीत आहेच. बाजूला हो म्हणताच तो माणूस आचार्यांना विचारतो की दूर कोणी व्हायचे, या देहाने की आतल्या आत्म्याने? देह तर सर्वांचा एकाच अन्नाचा, आणि आत्म्याला दूर जाणार कुठे? अखेरीस ते जोडपे म्हणजे शिवपार्वतीच असल्याचे उघड होते. हीच कथा घेऊन करुप्पन यांनी जातिभेदाचा एकेक टाका उसवून दाखविला.

यात मला विशेष वाटते ते असे की, संस्कृत वृत्तांवर हुकूमत असलेल्या या पंडिताने आपली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगण्यासाठी बायकांच्या खेळाची चाल निवडली. शार्दूलविक्रीडितात लिहिले असते तर पंडितांनी मान डोलावली असती आणि पोथी फडताळात गेली असती. कुम्मीत लिहिल्यामुळे ज्यांना एक अक्षर वाचता येत नव्हते, त्यांनाही ते पाठ झाले. शेतातल्या आणि झोपडीतल्या माणसांनी ते म्हटले. टाळी वाजविता वाजविता विचार मनात उतरला. मलयाळम काव्यात कुमारन आशान यांची दुरवस्था ही जातिभेदावरची कृती प्रसिद्ध आहे, ती १९२२ सालची. जातिकुम्मी छापून निघाली ती तिच्या दहा वर्षे आधी. पुढे त्यांनी शाकुंतलाची कथाही वंचिप्पाट्टू, म्हणजे होडी वल्हविताना म्हणावयाच्या गीताच्या चालीवर रचली. कालिदासाच्या नाटकात राजाची हरवलेली मुद्रिका माशाच्या पोटात सापडते ती एका धीवराला, आणि बक्षीस मिळण्याआधी त्याला शिपायांच्या शिव्या व धक्के खावे लागतात. त्या धीवराच्या जातभाईनेच ती कथा वल्ह्याच्या तालावर आणावी, हा योग किती गोड आहे!

गाण्याने मन जागे झाले, पण जाग्या मनाला बसायला जागा हवी. करुप्पन यांनी आपल्या समाजासाठी गावोगाव सभा काढल्या. कोडुंगल्लूरजवळच्या आनापुझ्झा येथील कल्याणदायिनी सभा १९१२ सालची. तेवरा, इडकोची, वैक्कम अशा ठिकाणीही निरनिराळ्या नावांनी सभा निघाल्या. स्वच्छता, शाळा, वाचन, व्यसनांपासून दूर राहणे, अंधश्रद्धा सोडणे हे त्यांचे कार्य. म्हणजे आपली मंडळे जे करतात तेच! आणि सुधारणेची सुरुवात त्यांनी आपल्याच अंगणापासून केली. आचारभूषणम् या काव्यात स्वजातीतल्या खुळ्या रूढींवरही त्यांनी कोरडे ओढले आहेत.

पण कोळ्यांहूनही वाईट स्थिती पुलयांची होती. पुलय म्हणजे भातशेतीत चिखलात राबणारे शेतमजूर. सारे राज्य ज्यांच्या हातचा भात खाई, त्यांना एर्नाकुलमसारख्या शहरात मोकळेपणी पाऊल टाकता येत नसे आणि एकत्र जमून सभा भरविण्याइतकी जमीनही त्यांना कोणी देत नसे. जमीन राजाची, देवाची नाही तर जमीनदाराची. करुप्पन स्वतः पुलय नव्हते. तरी १९१३ साली पुलयांमधील कृष्णादी आशान, पी. सी. चांचन, के. पी. वल्लोन या कार्यकर्त्यांबरोबर त्यांनी जी युक्ती योजली, तिला तोड नाही. जमिनीवर सभा भरविता येत नाही ना? मग पाण्यावर भरवू! पाण्यावर तर कोणाचा सातबारा नाही. कोळ्यांच्या होड्या एकमेकींना बांधल्या, वर फळ्या अंथरल्या आणि बोलगाट्टीजवळच्या कायलात तरंगते व्यासपीठ उभे केले. चहूकडच्या बेटांवरून लोक आपापल्या होड्या घेऊन आले आणि पुलयांची ती पहिली सभा पाण्यावर भरली. हीच ती इतिहासात प्रसिद्ध झालेली कायल-सभा. याच हालचालींतून त्या वर्षी कोची पुलय महाजन सभा जन्माला आली.

इथे मला आपल्या महाडची आठवण होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले, तेव्हा लढा पाण्याला हात लावण्याचा होता. कोचीत जमीन मिळाली नाही म्हणून लोकांनी पाण्याचा आसरा घेतला. एका ठिकाणी पाणी नाकारलेले, दुसऱ्या ठिकाणी पायाखालची माती नाकारलेली. दुःख मात्र एकच, आणि स्वाभिमानही एकच.

त्यानंतरची एक हकीकत तिकडे फार आवडीने सांगतात. एर्नाकुलमला शेतीचे प्रदर्शन भरले होते. उत्तमोत्तम धान्य, फळे, भाज्या मांडलेल्या. मोठमोठे अधिकारी व पाहुणे आलेले. करुप्पन यांनाही निमंत्रण होते. त्यांनी बोलताना एवढेच लक्षात आणून दिले की हे सारे ज्यांनी पिकविले, ते पुलय बंधू इथे दिसत नाहीत, कारण त्यांना शहरात यायची मुभा नाही. अधिकारी ओशाळले आणि त्यांना येऊ देण्याची आज्ञा झाली. ते लोक जवळच कायलात होड्यांतून थांबलेले होते. आज्ञा होताच ते किनाऱ्यावर उतरले आणि आपणच पिकविलेले धान्य पाहावयास प्रथमच शहरात शिरले.

अशा माणसाला मानसन्मान मिळाले नाहीत असे नाही. शाकुंतलाचे मलयाळम भाषांतर करणारे थोर कवी केरलवर्मा वलिय कोयितंपुरान यांनी त्यांना विद्वान ही पदवी दिली आणि कोचीच्या दरबाराकडून ते कवितिलक झाले. पण सन्मानाच्या शालीखालचे काटे काही गेले नाहीत. महाराजांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त त्यांनी बालाकलेशम् हे नाटक लिहिले. त्यात अस्पृश्यतेवर सरळ प्रहार होता. त्या काळच्या एका नामवंत संपादकाने नाटकाच्या नावात एका अक्षराचा फेरफार करून लेखकाच्या वाल जातीवर कोटी केली. नाटकाची परीक्षा राहिली बाजूला, परीक्षा झाली ती जातीची! करुप्पन यांनी या टोमण्याला कवितेनेच उत्तर दिले. पुढे विधिमंडळाचे सभासद असतानाही एका उद्यान-मेजवानीचे आमंत्रण त्यांना मिळाले नाही. त्यावरही त्यांनी उद्यानविरुन्नू नावाचे काव्य लिहून महाराजांपुढे आपले गाऱ्हाणे मांडले. अपमान गिळायचा नाही आणि जिभेचा तोलही जाऊ द्यायचा नाही, ही त्यांची रीत शेवटपर्यंत राहिली.

१९२५ साली कोचीत विधिमंडळ सुरू झाले आणि दलित वर्गांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने करुप्पन यांची नेमणूक केली. तिथे त्यांनी मागण्या केल्या त्या अगदी रोजच्या गरजेच्या : शाळा, फीची माफी, शिष्यवृत्ती, राहावयास वसाहती, पिण्याच्या पाण्याच्या विहिरी. या वर्गांसाठी सरकारने एक स्वतंत्र खाते काढावे असा त्यांचा आग्रह होता. असे खाते निघाले आणि त्याचे सहायक संरक्षक म्हणून करुप्पन यांनाच नेमण्यात आले. ज्याने गाण्यातून प्रश्न विचारले होते, त्याच्याच हाती आता उत्तराची फाईल आली! टेबलामागे बसून न राहता त्यांनी वस्त्या-वस्त्यांतून मुलामुलींना शाळेची वाट दाखविली. पुढे त्यांच्याकडे संस्थानातील मातृभाषेच्या शिक्षणाचे अधीक्षकपद आले. शाळांतील मुलांसाठी त्यांनी कैरळीकौतुकम् हे भाषेचे पुस्तक तीन भागांत लिहिले. १९३५ साली ते एर्नाकुलमच्या महाराजा महाविद्यालयात मलयाळमचे अध्यापक झाले. पुढे तीनच वर्षांनी, २३ मार्च १९३८ रोजी, फुफ्फुसाच्या आवरणाच्या दुखण्याने, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. शेजारच्या त्रावणकोरात १९३६ सालीच देवळे सर्वांना खुली झाली होती. कोचीतली देवळे उघडली ती स्वातंत्र्यानंतर. तो दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

पण पेरलेले उगवते. कायलातल्या मुळवुकाड या बेटावर १९१२ साली एका पुलय कुटुंबात एक मुलगी जन्मली. तिच्या घरची माणसे या चळवळीत होती. ती मुलगी शाळेत गेली, महाराजा महाविद्यालयात गेली आणि विज्ञानाची पदवीधर झाली. तिचे नाव दाक्षायणी वेलायुधन. १९४६ साली ती भारताच्या संविधान सभेवर निवडून गेली. त्या सभेत दलित समाजातील ती एकटीच स्त्री होती. ज्या लोकांना सभेसाठी जमीन मिळाली नाही म्हणून होड्यांवर बसावे लागले, त्यांची लेक एका पिढीच्या आत देशाची घटना करणाऱ्या सभेत जाऊन बसली! हे एकट्या करुप्पन यांचे कार्य नव्हे, पुष्कळांच्या कष्टांचे ते फळ होते. पण त्या होड्या बांधणाऱ्या हातांत त्यांचेही हात होते.

प्रारंभी मी ज्या धाग्याविषयी म्हटले तो आता भगिनींच्या ध्यानात आला असेल. शाळा असो, काव्य असो, होडी असो की सरकारी खाते असो, विद्या ज्यांच्यापर्यंत पोचत नाही त्यांच्यापर्यंत ती कोणत्या वाटेने नेता येईल, एवढा एकच विचार या माणसाने केला. पोथी वाचता येत नाही? मग गाणे करू. जमीन नाही? मग पाणी आहे. आत येऊ देत नाहीत? मग निदान बाहेर कोण उभे आहे ते सर्वांना सांगू.

आपल्या मंडळाचे वाचनालय चांगले चालते, भोंडला हौसेने होतो, चैत्रगौरीचे हळदीकुंकू तर दणक्यात होते. पण सकाळी पाटी घेऊन आपल्या दारी येणाऱ्या मावश्या, घरकामाला येणाऱ्या बाया आणि त्यांच्या शिकणाऱ्या मुली यांची नावे आपल्या सभासद-वहीत किती आहेत? त्यांना आपण कधी मज्जाव केला नाही, हे खरे आहे. पण आमच्या मंडळाची वेळ दुपारी तीनची, तेव्हा त्यांना कामातून उसंत नसते. आणि वर्गणी वर्षाची एकदम भरावयाची असते. दार उघडे असूनही उंबरठा उंच राहू शकतो. म्हणून माझी कार्यकारिणीला अशी सूचना आहे की येत्या वर्षी आठवड्यातून दोन दिवस वाचनालय रात्री आठनंतर उघडे ठेवावे, वर्गणी महिन्याने घ्यावी, आणि दहावी-बारावीच्या मुलींना अभ्यासाला तीच जागा द्यावी. दिव्याचे बिल थोडे वाढेल. मी स्वतः त्यातला एक दिवस सांभाळायला तयार आहे. दुसऱ्या दिवसासाठी कोणी पुढे यावे. वार्षिक सभेत हा विषय घेतला जावा, अशी अध्यक्षीणबाईंना माझी विनंती आहे.